साहेब आणि रानातला भोंगा

कारभारीरावांच्या कुत्र्याचं नाव साहेब. हे नाव ठेवण्यात कोणाचा अपमान करायचा हेतू नव्हता, असं ते विचारणाऱ्याला सांगत आणि न विचारणाऱ्यालाही सांगत. पण माणसानं उभा जन्म कॉलेजच्या ऑफिसात बाबू म्हणून काढावा, "हो साहेब, आणतो साहेब, चुकलं साहेब" करता करता केस पांढरे व्हावेत, आणि रिटायर झाल्यावर रोज सकाळी ओट्यावर चहाचा कप हातात धरून "साहेब, गप बस. साहेब, तिकडं हो. साहेब, पाय पुसून घरात ये" असं म्हणायला मिळावं, यातलं सुख पेन्शनीत नाही. कारभारीराव ते सुख डोळे मिटून घेत. तसे ते कोणतंही सुख डोळे मिटूनच घेत. ऑफिसातही त्यांचा याच गोष्टीसाठी लौकिक होता.

साहेब तांबड्या रंगाचा, गावठी, एक कान उभा आणि एक पडलेला. स्वभावानं इतका शांत, की गॅसच्या सिलिंडरवाल्यावर भुंकायचा तेही तो निघून गेल्यावर. पण फटाका वाजला, की या साहेबाचं पाणी पाणी व्हायचं. अंगभर कापरं, तोंडाला फेस, आणि दार उघडं सापडलं की जो सुटायचा तो सुटायचाच.

आता फटाके म्हणजे दिवाळी, अशी शहरातल्या लोकांची समजूत असते. कारभारीरावांचं गाव चिखली तालुक्यातलं, उंद्रीच्या थोडं पलीकडचं. इथं दिवाळीला फटाके, तुळशीच्या लग्नाला फटाके, निवडणुकीत पडलेल्याच्या दारात निवडून आलेल्याचे फटाके, क्रिकेटचे, नव्या ट्रॅक्टरचे. एकदा तर डीपी जळून गेलेली लाईट बऱ्याच दिवसांनी परत आली, तर लोकांनी माळ लावली, आणि त्या माळेची ठिणगी उडून पुन्हा लाईट गेली.

गेल्या वर्षी साहेब दिवाळीत पळाला, तो कितीतरी दिवसांनी अमडापूरच्या रस्त्याला एका जिनिंगच्या आवारात सरकीच्या ढिगामागं सापडला. नुसती हाडं. कारभारीरावांनी त्याला ऑटोत मांडीवर घेऊन आणलं आणि रस्ताभर ते ऑटोवाल्याला सांगत होते की डोळ्यात धूळ जाऊन राह्यली. आता साहेब म्हातारा झाला होता. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता.

"यंदा पळालं तं त्याले घरचा रस्ता दिसनार नाई," पुष्पाबाई म्हणाल्या. "सांगून ठेवते."

पुष्पाबाई म्हणजे कारभारीरावांच्या पत्नी. त्या काही सांगून ठेवायच्या तेव्हा ते खरं होण्याची एक वाईट खोड त्या सांगण्याला होती. मुलगी मयुरी पुण्याला नोकरीवर. घरात दोन माणसं आणि एक टीव्ही. दिवसभर आपलं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा या जगात एकच जीव आहे आणि तो साहेब, हे कारभारीरावांना पक्कं ठाऊक होतं.

तरी दिवाळी साहेबानं पलंगाखाली निभावली. पण दिवाळी संपते न संपते तोच शेजारच्या तुळशीरामनं लग्नाची पत्रिका आणून दिली. त्याच्या छायाचं लग्न. तेही दारातच, दोन घरांच्या मधल्या भिंतीला लागून मांडव.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. साहेब राहायचा कारभारीरावांकडे, पण होता छायाचा. शाळेत असताना तिनंच ते पिल्लू ओढणीत गुंडाळून आणलं होतं. तिची आई कौशल्याबाई म्हणाली, "एक तं हे राहीन, नाई तं मी." छायानं थोडा विचार केला, तेव्हा आईला आणखी राग आला. शेवटी पिल्लू भिंतीवरून कारभारीरावांकडे आलं. तेव्हापासून छाया रोज दिवस मावळताना भाकरीचा तुकडा घेऊन यायची, साहेबाशी गप्पा मारायची आणि जायची. या गप्पांत कारभारीरावांना घेत नसत.

"तुळशीराम, फटाके जरा कमी नाई का करता येनार?" कारभारीरावांनी पत्रिकेवरचं हळदीकुंकू पाहत हळूच विचारलं.

"काऊन?"

"साहेबाले लय त्रास होते."

तुळशीराम मनानं चांगला शेतकरी माणूस, पण आवाज असा की शेजारच्या रानातली बैलं थांबायची. "कारभारीभाऊ, एकुलती एक पोरगी हाय माही. कुत्र्यासाठी तिचं लगन मुक्यानं लावू काय? अन् म्या नाई आनले तरी पाव्हने आननारच. देऊळघाटची मंडळी हाय. हौशी हाय."

मग कारभारीरावांनी मनावर घेतलं. हीच चूक झाली. ते जोवर मनावर घेत नसत तोवर घरादाराचं बरं चालत असे.

पहिल्यांदा गल्लीनं सल्ले दिले. मनकर्णाबाईंनी साहेबाची दृष्ट काढली. मिरच्यांच्या धुरानं साहेब सोडून सगळे शिंकले. कलाबाई म्हणाल्या, कानात कापूस घाला. कापसाला या मुलखात काय तोटा? घातला. साहेबानं डोकं झटकलं आणि तो कापूस खाल्ला. एकानं सुचवलं, गुळात थोडी भांग द्या. कारभारीराव विचार करत होते, पण पुष्पाबाईंनी नुसतं पाहिलं, तेवढ्यानं तो विषय मिटला.

मग ते ग्रामपंचायतीत गेले. लग्नाच्या दिवशी आपल्या घरासमोर फटाके वाजू नयेत असा अर्ज त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिला होता. असा अर्ज त्या टेबलावर कधी आला नसेल. तिथल्या बाबूनं तो दोनदा वाचला.

"कुत्र्याचे अर्ज दोनच परकारचे घेतो आमी," तो म्हणाला. "एक, कुत्रं चावलं. दुसरा, कुत्रं मेलं. कुत्रं भेते असा परकारच नाई."

"मग तिसरा प्रकार सुरू करा."

"त्याले वरून आदेश लागते. तोवर असं करा नं, त्याले कोनाले तरी चावू द्या. अर्ज लगेच घेतो."

कारभारीराव स्वतः बाबूच होते. एका बाबूनं दुसऱ्या बाबूला असं परत पाठवावं, याचं त्यांना इतकं वाईट वाटलं, की ते पायरीवर जरा बसले. गुरांच्या दवाखान्यात त्याहून निराळं नव्हतं. डॉक्टर लसीकरणाला गेलेले, आणि खिडकीतल्या माणसानं रजिस्टर उघडून पहिलाच प्रश्न केला, "दूध किती देते?"

शेवटी मयुरीला फोन लागला. पुण्यात अशा गोष्टींची माणसं असतात. तिनं कोणाला तरी विचारून दोन उपाय सांगितले. एक, कुत्र्याच्या अंगाला घट्ट कापड गुंडाळायचं, त्यानं त्याला कुशीत असल्यासारखं वाटतं. दोन, फटाक्यांचा आवाज रेकॉर्ड करून आधी अगदी बारीक ऐकवायचा, रोज थोडा थोडा वाढवायचा, आणि त्याच्यासोबत त्याच्या आवडत्या माणसाचं बोलणंही ऐकवायचं. म्हणजे कुत्र्याच्या डोक्यात बसतं, की फटाका वाजला तरी आपलं माणूस जवळ आहे.

कापडासाठी पुष्पाबाईंनी कपाटातून शाल काढली. कारभारीराव उठून उभे राहिले.

"ही माह्या निरोप समारंभाची शाल हाय!"

"मंग? एकदाच घातली. त्यातबी तुमी झोपले होते."

शाल अंगाभोवती आवळून, पोटाखाली गाठ मारून साहेब ओट्यावर बसला. त्याला ती कारभारीरावांपेक्षा शोभत होती, आणि येणारा जाणारा प्रत्येक माणूस तसं म्हणत होता.

राहिला आवाजाचा प्रश्न. कारभारीरावांच्या मोबाइलचा आवाज म्हणजे डबीतला भुंगा. तेव्हा तुळशीरामनं, फटाके कमी केले नाहीत याची भरपाई म्हणून असेल, आपला रानातला भोंगा आणून दिला. हा भोंगा आता इकडच्या सगळ्या रानांत असतो. एक पेटी, वर बॅटरी, पुढं कर्णा, आत मेमरी कार्ड. हरभरा बोटभर वर आला की रानडुकरं येतात, रोही म्हणजे नीलगाई कळपानं येतात, आणि शेतकऱ्यानं किती जागावं? मग भोंगा जागतो. कार्डात तुळशीरामनं स्वतःच्या तोंडच्या शिव्या भरल्या होत्या. त्यांच्यामागं कुत्र्यांचं भुंकणं, त्याच्यामागं वाघाची डरकाळी आणि शेवटी बॉम्ब.

"आज्याबात धक्का लावू नका माह्या कार्डाले," त्यानं बजावलं. "त्या शिव्या आता मले पुन्हा तशा जमनार नाई."

कारभारीरावांनी ते कार्ड काढून अडकित्त्याच्या डबीत जपून ठेवलं आणि फटाक्यांच्या आवाजाचं नवं कार्ड करून आणलं. आता त्यात आवडत्या माणसाचं बोलणं हवं. आवडतं माणूस कोण, यात कारभारीरावांना शंका नव्हती. त्यांनी घसा खाकरून "साहेब, घाबरण्याचं कारण नाही" इथून सुरू करून बरंच मोठं भाषण रेकॉर्ड केलं. साहेबानं ते ऐकलं, उठला आणि मोरीजवळ जाऊन झोपला. मग पुष्पाबाई बोलल्या. त्यांचा आवाज ऐकताच साहेब शेपटी हलवत स्वयंपाकघरात गेला आणि ताटलीपाशी बसून राहिला.

संध्याकाळी छाया आली. हाताला मेंदी लावायला अजून अवकाश होता, पण हळूहळू ती पाहुण्यासारखी दिसायला लागली होती. तिला सांगितलं तर ती हसली, साहेबाजवळ बसली आणि मोबाइल तोंडाशी धरून रोजच्यासारखंच बोलली.

"साहेब... ए साहेब... काय झालं रे? भिऊ नको. फटाकाच हाय तो. वाजते अन् संपते. मी हाय नं इथं. कुठंच नाई जाऊन राह्यली मी. बस असा. इथंच हाय आपन."

बोलता बोलता ती मध्येच थांबली. मग उरलेला तुकडा साहेबाला देऊन भिंतीपलीकडे गेली.

त्या दिवसापासून रोज दिवस मावळताना साहेबाची शाळा भरायची. कार्तिकातली संध्याकाळ. कुठूनतरी कापसाची बोंडं वेचून आलेल्या बाया, त्यांच्या अंगाला चिकटलेला कापूस हवेत तरंगायचा. उन्हाचा पिवळा पट्टा ओट्यावरून सरकत भिंतीवर जायचा. भोंग्यातून फटाके इतके बारीक वाजायचे, की कोणीतरी लांब मोहरीची फोडणी देतंय असं वाटावं. आणि त्यातून छायाचा आवाज यायचा, भिऊ नको, इथंच हाय आपन. साहेब कर्ण्याला मान टेकून डोळे मिटायचा. कारभारीराव तर त्याच्या आधीच मिटायचे. पलीकडे कौशल्याबाई गहू निवडता निवडता सूप मांडीवर घेऊन पेंगायच्या. कलाबाईंचं दूध रोज उतू जायचं आणि त्या रोज म्हणायच्या, "बापा, कशी गुंगी येऊन राह्यली या आवाजानं." सगळी गल्ली त्या वेळी थोडी हलकी होऊन जमिनीपासून वीतभर वर उचलली जायची, असं कारभारीरावांचं मत होतं, पण ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

एकदा तुळशीराम भोंगा परत मागायला आला. आवाज चालू होता. तो उंबऱ्यावर टेकला, थोडा वेळ ऐकत राहिला, मग नुसतं "हं" म्हणाला आणि न मागताच निघून गेला.

आवाज वाढत गेला, साहेब हलेना. मोठा बॉम्बसुद्धा त्यानं शाल पांघरून एका डोळ्यानं पचवला. कारभारीराव आनंदानं वेडे व्हायचे बाकी होते.

लग्नाच्या आदल्या दिवशी मात्र तुळशीरामनं तगादा लावला. "भोंगा द्या कारभारीभाऊ. उद्या सारं गाव मांडवात, रान मोकळं. रोही काय पत्रिका पाह्यत बसते काय?"

अडचण नव्हती. मयुरी सकाळीच पुण्याहून आली होती आणि तिनं एक छोटा गोल स्पीकर आणला होता, त्यातही कार्ड चालायचं. तेव्हा छायाचं कार्ड काढून स्पीकरमध्ये घालायचं, डबीतलं तुळशीरामचं कार्ड भोंग्यात घालायचं, एवढंच काम. दोन्ही कार्डं नखाएवढी, दोन्ही काळी. कारभारीरावांनी ती वाटीत काढून घेतली, चष्मा कपाळावर चढवला, आणि तेवढ्यात त्यांना तंद्री लागली. त्यांना दिसलं, की साहेब फटाक्यांच्या धुरातून शाल पांघरून संथ चालत येतोय. तालुक्याहून लोक विचारायला आलेत. स्टेजवर त्यांची खुर्ची मधोमध आहे आणि ग्रामपंचायतीचा बाबू हात जोडून म्हणतोय, तिसरा प्रकार सुरू केला साहेब. हे सगळं दिसत असताना त्यांच्या हातांनी आपलं काम उरकलं. हात बिचारे तीस वर्षं याच पद्धतीनं फायली लावत आले होते.

तुळशीरामनं भोंगा नेऊन रानातल्या खांबाला बांधला, बटण दाबलं, आणि पाहुण्यांचा फोन आला म्हणून तसाच घाईनं परतला. नंतर हळदीच्या डीजेत गावाला दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परण्या, म्हणजे नवरदेवाची मारुतीपासून निघणारी मिरवणूक, अशी रेंगाळली की विचारू नका. तरणी पोरं घोड्यापुढं नाचताहेत, म्हातारी मंडळी उपाशी. शेवटी तुळशीरामनं वऱ्हाडातल्या मोठ्या माणसांना मांडवात पंगतीला बसवून घेतलं. मधोमध व्याही महादेवराव. तुळशीराम नव्या धोतरात, फेट्यात, जिलेबीचं ताट घेऊन आग्रह करत फिरत होता. "घ्या नं पाव्हने. एक तं घ्याच. माही शपथ हाय तुमाले."

भिंतीच्या या बाजूला, आतल्या खोलीत कारभारीराव साहेबाला कुशीत घेऊन तयार होते. दारं बंद, शाल आवळलेली, स्पीकर खिडकीत. त्यांचाही फेटा बांधलेला होता. चौकात पहिला सुतळी बॉम्ब फुटला. साहेबाचं अंग थरथरलं. "भिऊ नको," असं म्हणत कारभारीरावांनी बटण दाबलं.

आणि तुळशीरामचा आवाज दुमदुमला.

"हाऽऽड! हाऽऽड! निघ बे! कुठून कुठून येऊन राह्यले खायाले! बापाचं रान हाय काय तुह्या? आज सोडतच नाई एकालेबी!"

मांडवात पंगतीचे घास अर्ध्यावर थांबले. तुळशीराम हातात जिलेबी घेऊन, तोंडानं "अजून एक घ्या" म्हणत उभा, आणि त्याचाच आवाज खिडकीतून पाहुण्यांना हाकलतोय. लोक एकदा त्याच्या तोंडाकडे पाहत आणि एकदा खिडकीकडे. महादेवराव ताटावरून अर्धवट उठले. त्यांच्या मागं सगळी पंगत उठायला लागली. कौशल्याबाईंनी डोक्याला हात लावला. सोयरीक मोडायला याहून कमी कारणं पुरतात.

आत कारभारीराव बटण शोधत होते. पुण्याच्या स्पीकरला बटण नसतं, नुसतं बोटानं कुठंतरी हळूच चोळायचं असतं. त्यांनी सगळीकडे चोळलं, तसा आवाज वाढला. त्यांनी स्पीकर गादीखाली घातला, गादीवर बसले. गादीखालून कुत्री भुंकली. मग वाघानं डरकाळी फोडली.

त्या डरकाळीबरोबर महादेवराव थबकले. त्यांनी कान दिला.

"थांबा बे," ते आपल्या माणसांना म्हणाले. "हा वाघ तं आपला हाय."

"कोनता वाघ?"

"डुकराच्या भोंग्यातला! आपल्या देऊळघाटच्या रानात हाच वाघ हाय. आता बॉम्ब फुटते पाहा." बॉम्ब फुटला. पंगत खदखदून हसली आणि जागच्या जागी खाली बसली. "व्याही, शिव्या मात्र तुमच्या लय भारी हाय. आमच्यात इतका जोर नाई. कार्ड द्या बरं मले जाता जाता."

तुळशीरामनं जिलेबीचं अख्खं ताट महादेवरावांच्या पानात उलटं केलं.

सोयरीक वाचली, पण साहेब गेला. हा काय गोंधळ म्हणून पुष्पाबाईंनी बाहेरून दार उघडलं, आणि तांबड्या रंगाचं काहीतरी शालीसकट त्यांच्या पायांमधून निघून गेलं. कारभारीराव धावले तेव्हा परण्या दारात पोचला होता. माळा, बॉम्ब, बँड, धूर, नाचणारी पोरं. त्या धुरात ते "साहेब! साहेब!" करत फिरले, तर पाहुण्यांपैकी एकानं त्यांना धरून नाचायलाच घेतलं.

मग ते गावभर फिरले. पानठेल्यावर विचारलं. "शाल पांघरलेला? हाव, आताच गेला नं. मले वाटलं, कोनी पाव्हना हाय." नाल्याकडं सांगितलं तिकडं गेले, नाल्यावर धुणं धुणारीनं शाळेकडं सांगितलं, शाळेवर जुगार खेळणाऱ्यांनी एसटीच्या थांब्याकडं सांगितलं, आणि थांब्यावरच्या म्हाताऱ्यानं आधी बसायला सांगितलं. कारभारीराव बसले नाहीत. फेटा सुटून गळ्यात आला होता, नव्या चपलेनं टाच सोलली होती. लांबून मंगलाष्टका ऐकू आल्या. छायाचं लग्न लागत होतं आणि काका तिथं नव्हते. आपल्या हातानं, जपून, मनापासून, आपण एक मुका जीव हाकलून लावला, असं त्यांना वाटत राहिलं. आता रडू आलं तर धुळीचं नाव सांगायला जवळ ऑटोवालाही नव्हता.

ऊन उतरलं. मांडवात बोळवणीचा बँड सुरू झाला, थांबला, आणि मग लांबून बायांच्या रडण्याचा तो एक सूर आला. कारभारीराव रस्त्याच्या कडेनं, पलीकडच्या रानांच्या धुऱ्यानं, म्हणजे बांधावरून चालले होते. हरभऱ्यावर धुक्याचा पातळ थर बसत होता. आणि त्या धुक्यातून छाया बोलली.

"साहेब... ए साहेब... काय झालं रे? भिऊ नको."

कारभारीराव जागच्या जागी उभे राहिले. मुलगी आत्ता गाडीत बसत असणार, इथं कशी? मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की वाटीत दोन कार्डं होती.

तुळशीरामच्या रानात खांबाला भोंगा बोलत होता. खांबाच्या बुडाशी, शाल पांघरून, कर्ण्याकडं तोंड करून साहेब बसला होता. आणि त्याच्या चहूकडं रोही. कितीतरी. मोठे निळसर नर, माद्या, पिल्लं. काही हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडत होती, काही पाय दुमडून खाली बसली होती. कोणीच कोणाला भीत नव्हतं, कालपासून ऐकलेल्या भोंग्यातल्या फटाक्यांनाही नाही. रोह्यांनी साहेबाकडं पाहिलं नाही, साहेबानं रोह्यांकडं पाहिलं नाही. सगळे आपले ऐकत होते. कारभारीरावांनाही आपण जागे आहोत की ओट्यावर आहोत ते कळेना. ते वाकून वाकून आत गेले आणि साहेबाजवळ मातीत बसले. साहेबानं त्यांच्या मांडीवर हनुवटी ठेवली.

थोड्या वेळानं धुऱ्यावरून कोणीतरी आलं. तुळशीराम. नवं धोतर गुडघ्यापर्यंत ओलं झालं होतं. देऊळघाटला जाणारी गाडी या रानाच्या कडेनंच जाते; पोरगी आणखी एकदा दिसेल म्हणून तो मांडवातून आडवाटेनं इकडं आला होता. समोर रोही पाहून त्यानं सवयीनं ढेकूळ उचललं. मग भोंगा बोलला.

"मी हाय नं इथं. कुठंच नाई जाऊन राह्यली मी."

ढेकूळ त्याच्या हातातच राहिलं.

"माही चूक झाली तुळशीराम," कारभारीराव घाईनं म्हणाले. "कार्डं बदलले माह्या हातून. हरभऱ्याचं नुकसान मी... थांब, आत्ता बंद करतो."

तुळशीराम येऊन साहेबाच्या दुसऱ्या बाजूला बसला. तेवढ्यात रस्त्यानं गाड्यांचे दिवे आले. पुढची गाडी फुलांची. ती गेली. काचेत कोण दिसलं, कोण नाही, धुक्यात काही समजलं नाही. पुढं फाट्यावर वऱ्हाड्यांनी शेवटची लांबलचक माळ लावली आणि तिचा कडकडाट साऱ्या रानावरून गेला. रोह्यांनी माना वर केल्या. कारभारीरावांनी साहेबाला दोन्ही हातांनी धरलं. पण साहेब थरथरत नव्हता. थरथरत होता तो पलीकडे बसलेला माणूस, फेट्याचं टोक तोंडात कोंबून. साहेब उठला, शाल ओढत त्याच्याजवळ सरकला आणि आपलं सगळं अंग त्याला टेकवून बसला.

माळ संपली. भोंगा पुन्हा पहिल्यापासून बोलायला लागला. एक मोठा रोही खाली मान घालून पुन्हा हरभरा खाऊ लागला, त्याचा कुरूम कुरूम आवाज जवळून येत होता.

"बंद करू का?" कारभारीरावांनी विचारलं.

तुळशीरामनं नाही म्हणून मान हलवली. त्याचा तो बैलं थांबवणारा आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

"कारभारीभाऊ," तो म्हणाला, "जरा वाढवता काय?"